खिशातला चाकू रोजच्या कामाला: वाचकांची प्रश्नोत्तरे

या वेळच्या प्रश्नांत दोन गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या आहेत, गंज आणि कायदा. त्या दोन्हींवर सविस्तर लिहितो, बाकीचं थोडक्यात.

प्रश्न : घडीचे पारंपरिक चाकू जमवायची इच्छा आहे. सुरुवात कुठून करू? (नागपूर)

जमवायला नंतर लागा. आधी एकच चाकू घ्या आणि तो दोन-तीन महिने खिशात ठेवून वापरा. पेरू चिरा, पार्सलची टेप कापा, सुतळी तोडा, पेन्सिलीला टोक काढा. पातं किती लांब हवं, मूठ जाड हवी की चपटी, हे तुमचा हातच तुम्हाला सांगेल. ते कळायच्या आधी घेतलेले चाकू कपाटात पडून राहतात.

त्या पहिल्या चाकूसाठी माझी पसंती ओपिनेल क्रमांक 8 ला. 1890 मध्ये फ्रान्सच्या साव्हुआ भागात जोसेफ ओपिनेल यांनी हा चाकू घडवला, तो शेतकऱ्या-कष्टकऱ्यांसाठी. बीच या युरोपीय झाडाच्या लाकडाची गोल मूठ आणि साडेआठ सेंटीमीटरचं पातं, एवढाच कारभार. 1955 पासून त्याला फिरतं कडं आलं. ते फिरवलं की उघडलेलं पातं जागच्या जागी अडकतं.

एकाच चाकूत कात्री आणि स्क्रू-ड्रायव्हरही हवा असेल तर व्हिक्टोरिनॉक्स घ्या. कार्ल एल्सनर यांनी 1884 मध्ये स्वित्झर्लंडच्या इबाख गावात कारखाना काढला, 1891 पासून स्विस लष्कराला चाकू पुरवले आणि 1897 मध्ये आज आपण ओळखतो तो ‘ऑफिसर’ चाकू आणला. आपल्याकडे लाल मुठीच्या नकला भरपूर मिळतात, म्हणून दुकानात उघडूनच बघा. मोठ्या पात्याच्या बुडाशी कंपनीचं नाव आणि ‘स्विस मेड’ स्वच्छ कोरलेलं असायला हवं. प्रत्येक अवजार उघडताना आणि मिटताना शेवटी ‘टक्’ असा ठाम आवाज येतो. नकलेचं पातं डगडगतं आणि मिटल्यावर एका बाजूला झुकतं.

ज्यांना साधेपणाचं वेड आहे त्यांनी जपानमधल्या मिकी गावचा हिगोनोकामी जरूर बघावा. एकच पत्रा दुमडून त्याची मूठ केलेली असते. पात्याच्या बुडाला बाहेर आलेली एक शेपटी असते. ती अंगठ्याने दाबून धरायची, कारण याला ना पातं अडकवणारं कुलूप ना कमान. एके काळी जपानी शाळकरी मुलं याच चाकूने पेन्सिली तासत.

प्रश्न : माझ्या ओपिनेलचं पातं कैरी कापून काळंनिळं झालंय. शिवाय पाऊस सुरू झाल्यापासून चाकू उघडतच नाही. (चिपळूण)

काळंनिळं झालंय ते होऊ द्या. तुमचं पातं कार्बन पोलादाचं आहे. कैरी-लिंबाच्या आंबटाने त्यावर असा करडा-निळसर थर चढतो, घरच्या जुन्या विळीवरही तुम्ही तो पाहिला असेल. हा थर गंजाला थोडाफार अडवतोच. घासून चकाकी आणाल तर पुढच्या कैरीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. काळजी करायची ती नारिंगी ठिपक्यांची. तो खरा गंज आणि तो खोल जातो. दिसला की त्याच दिवशी बेकिंग सोड्याची दाट पेस्ट लावून कापडाने घासा, पाण्याने धुवा आणि लगेच कोरडं करा. फळ कापल्यावर पातं पुसायची सवय लावलीत तर ही वेळ फारशी येणारच नाही. कोकणच्या हवेत एवढंही जमणार नसेल तर स्टेनलेस पात्याचा ओपिनेल मिळतो, तो घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

आता न उघडण्याबद्दल. बीचचं लाकूड दमट हवेत फुगतं आणि सांध्याशी पात्याला आवळून धरतं. नखाने ओढत बसू नका, नख तुटेल किंवा पातं निसटून बोट कापेल. कडं मोकळ्या जागेवर फिरवा, मिटलेला चाकू मुठीत उभा धरा आणि मुठीचं सांध्याविरुद्धचं टोक टेबलाच्या कडेवर ठोका. पात्याचं टोक खाचेतून वर येतं, मग ते चिमटीत धरून उघडा. साव्हुआतले लोक पिढ्यान्पिढ्या असंच करत आले आहेत.

कायमचा इलाज करायचा तर चाकू उघडून आठवडाभर पंख्याखाली वाळवा. मग बारीक सँडपेपर दुमडून खाचेच्या दोन्ही भिंतींवरून हलक्या हाताने फिरवा, केसभर लाकूड निघालं तरी पुरतं. त्यानंतर सांध्याजवळच्या लाकडाला जवसाचं तेल पाजा, वर राहिलेलं पुसून काढा आणि काही दिवस मुरू द्या. तेलाचं फडकं मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाने भिजलेलं कापड आपोआप तापून पेट घेऊ शकतं, ते उघड्यावर पसरूनच वाळवा. रोजच्या देखभालीला औषधांच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन उत्तम. खोबरेल तेल नको, ते काही दिवसांनी चिकट होतं.

प्रश्न : रोज लोकलने ऑफिसला जातो. बॅगेत छोटा घडीचा चाकू असला तर गुन्हा होतो का? (डोंबिवली)

शस्त्र कायद्याच्या नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे सुरे शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. तुमचा सहा-आठ सेंटीमीटरचा चाकू या मापाच्या जवळपासही येत नाही.

पण एवढं वाचून निर्धास्त होऊ नका. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी ठरावीक दिवसांसाठी शस्त्रबंदीचा आदेश काढतात. सण, निवडणुका, मोर्चे यांच्या काळात हे आदेश वरचेवर निघतात आणि त्यांत सुऱ्यांचा उल्लेख असतो. त्या दिवसांत चाकू घरी ठेवा. विमानतळ, मेट्रो, न्यायालय, मंत्रालय, स्टेडियम, म्हणजे जिथे झडती होते तिथेही नेऊ नका. विमानाने जाताना तो चेक-इनच्या सामानात टाका, केबिनच्या बॅगेत कधीच नाही. प्रत्येक राज्याचे नियमही वेगळे. दिल्लीत बटणाच्या चाकूचं पातं 7.62 सेंटीमीटर लांब आणि 1.72 सेंटीमीटर रुंद किंवा त्याहून मोठं असेल, तर तो बाळगल्यावर कारवाई होते.

पोलिसांनी विचारलंच तर ‘स्वतःच्या रक्षणासाठी ठेवलाय’ असं म्हणू नका. मुळात त्या हेतूने तो खिशात नसावाच. ज्याला ती गरज वाटते त्याने हा छंद धरू नये, हे माझं ठाम मत आहे.

प्रश्न : तुम्ही सुचवलेला ओपिनेल क्रमांक 8 इंग्लंडमध्ये खिशात ठेवला तर चालेल का? (लेस्टर)

नाही. तिथे सबळ कारणाशिवाय जवळ ठेवता येणारा चाकू घडीचा, 3 इंच किंवा त्याहून कमी धारेचा आणि कुलूप नसलेला लागतो. ओपिनेलचं कडं हे कुलूपच आहे आणि त्याचं पातंही मापाबाहेर जातं. बिनकुलपाचा छोटा व्हिक्टोरिनॉक्स चालतो.

प्रश्न : धार लावायला सायकलवाल्याकडे देऊ का? (कोल्हापूर)

विळी, कोयता खुशाल द्या. खिशातलं पातळ पातं मात्र देऊ नका. कोरड्या चाकावर धारेची कड क्षणात तापते. तिथे निळी झाक दिसली की समजा पोलाद तीनशे अंशांच्या आसपास जाऊन आलं आणि त्याचं पाणी उतरलं. मग कितीही घासा, धार टिकत नाही.

घरी 1000 ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या बारीकपणाचा अंक) पाण्याचा दगड आणा. पातं दगडाशी पंधरा ते वीस अंशांत धरून एका बाजूने घासत राहा. दुसऱ्या बाजूला बोट धारेपासून बाहेरच्या दिशेने फिरवून बघा. बारीक खरखर लागली की ती कणी आली. आता बाजू बदला. दोन्हीकडून कणी आली की जोर कमी करत न्या, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर पातं मागे ओढत दहा-वीस वेळा फिरवा. वर्तमानपत्राचा कागद न फाटता कापला गेला की थांबा.

प्रश्न : आजोबांचा इंग्लंडच्या शेफील्डचा चाकू सापडला, मूठ सांबरशिंगाची वाटते. विकला तर किती येतील? (सातारा)

विकायचा विचार सोडा. शेफील्ड आणि अमेरिकेतल्या नामांकित चाकूंच्या शिंगाच्या मुठी पिढ्यान्पिढ्या आपल्याच सांबरांच्या शिंगांपासून बनत. आज आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्या शिंगाचा व्यापार होऊ शकत नाही, शिंग आपोआप गळून पडलेलं असलं तरी. हस्तिदंतालाही तोच नियम. घरातल्या वस्तूच्या मालकीबद्दल स्थानिक वन विभागाकडे लेखी विचारणा करा, ऐकीव सल्ल्यावर राहू नका.

चाकू जपायचा असेल तर चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं, त्यातले क्षार पात्याला गंज आणि पितळेला हिरवा कळंक आणतात. सेल्युलॉइड या जुन्या प्रकारच्या प्लास्टिकच्या मुठीचा चाकू घरात असेल तर त्याला वेगळी जागा द्या. सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून निघणारी वाफ डब्यातल्या शेजारच्या चाकूंनाही खाते.

प्रश्न : अमेरिकेहून मामांनी जुना केस कंपनीचा चाकू पाठवलाय. तो किती साली बनला हे कळेल? (पुणे)

कळेल. पात्याच्या बुडावरची मोहोर भिंगाने बघा. ‘केस एक्सएक्स’ एवढंच असेल तर तो साधारण 1940 ते 1964 मधला, खाली ‘यूएसए’ असेल तर 1965 ते 1969 मधला. 1970 मध्ये कंपनीने मोहरेखाली दहा ठिपके दिले आणि दर वर्षी एक कमी करत नेला. त्या मालिकेत सात ठिपके म्हणजे 1973. मोहोर नीट दिसावी म्हणून तिथे पॉलिश घासू नका. अक्षरं गेली की ओळखही गेली आणि किंमतही.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा आहे, चाकू मागतोय. देऊ का? (नाशिक)

तुम्ही शेजारी बसणार असाल तर द्या. ओपिनेलचा मुलांसाठीचा गोल टोकाचा चाकू मिळतो. सुरुवात पेन्सिल तासण्यापासून करा, पातं नेहमी अंगापासून दूर चालवायचं. धार चांगली ठेवा, कारण बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि हात घसरतो तो तेव्हाच. शाळेच्या दप्तरात मात्र तो कधीही जाणार नाही हे आधी ठरवून घ्या.