देव तिच्याशीही बोलू शकतो

ताई, सलाम.

मुलीने नर्स व्हावं ही प्रभूची इच्छा आहे, हे तुम्हाला प्रार्थनेत कळलं, असं तुम्ही लिहिता. चिन्ह म्हणून तुम्ही मागितलं होतं की सकाळी पहिला फोन नर्स असलेल्या बहिणीचा यावा, आणि तो आला. पुढच्याच पानावर तुम्ही म्हणता की बहीण रोज सकाळी न चुकता फोन करते. रागावू नका, पण मला हसू आलं. शेवटच्या ओळीला मात्र ते मावळलं: मुलगी विरोध करत नाही, फक्त हल्ली घरच्या प्रार्थनेला बसत नाही.

मला काळजी या ओळीची आहे. आईच्या हट्टाशी मुलं भांडू शकतात. ‘देवाने सांगितलंय’ म्हटल्यावर भांडायचं कोणाशी? मग ती गप्प होतात आणि हळूहळू त्या देवापासूनच लांब सरकतात. तुमची मुलगी नर्सिंगला नाही म्हणालेली नाही. ती प्रार्थनेतून उठून गेली आहे. नर्सिंगचं काय ते नंतर पाहू.

बायबलमधल्या शमुवेलाला रात्री देवाची हाक आली तेव्हा एलीच बोलावतोय असं समजून तो तीनदा त्याच्याकडे धावत गेला. एली म्हातारा, याजक, वर शमुवेल त्याच्याच हाताखालचा पोर. ‘देवाला तुझ्याकडून काय हवंय ते मी सांगतो’ असं तो सहज म्हणू शकला असता. त्याने पोराला परत झोपायला पाठवलं आणि पुन्हा हाक आली तर काय उत्तर द्यायचं तेवढं शिकवलं. सकाळी निरोप निघाला तो एलीच्याच घराण्याविरुद्ध. तरी काहीही लपवू नकोस म्हणाला, आणि ऐकून घेतलं. ताई, तुमची तेवढी तयारी आहे का?

आता चिन्हाबद्दल. इस्राएलच्या गिदोनाने देवाकडे चिन्ह मागायला रात्री खळ्यात लोकर ठेवली म्हणून आपणही तसंच चिन्ह मागायचं, हा समज मंडळीत फार पसरलेला आहे. बायबलमधला शास्ते 6 हा अध्याय पुन्हा वाचा. काय करायचं हे गिदोनाला लोकरीच्या आधीच सांगून झालं होतं. त्याला मार्ग सापडत नव्हता असं नाही, धीर होत नव्हता. दुसऱ्यांदा चिन्ह मागताना तर ‘माझ्यावर रागावू नकोस’ अशी विनवणीही तो करतो. देवाने त्याच्या भित्रेपणाला सांभाळून घेतलं. त्यावरून निर्णय घ्यायची पद्धत कशी काढता येईल? याकोबाच्या पत्रात ज्याला शहाणपण कमी पडतं त्याने ते देवाजवळ मागावं असं आहे. शहाणपण मिळालं की ते वापरावंही लागतं: मुलीचा कल पाहावा, चार जाणत्यांना विचारावं.

तिचा कल तुम्हीच लिहून गेला आहात, तक्रारीच्या सुरात: दिवसभर लाकडाचे तुकडे घेऊन बसते, मोडकी खुर्ची स्वतः जोडली. निर्गम 31 मध्ये देव आपल्या आत्म्याने भरतो तो बसालेल कारागीर आहे, आणि त्याच्या कामांत लाकूडकामही आहे. तेव्हा नर्सिंग तेवढी सेवा आणि फर्निचर म्हणजे पोटाचा धंदा, ही वाटणी कृपा करून करू नका.

जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने 16व्या शतकात साधनेच्या मार्गदर्शकांना बजावलं होतं: साधनेला बसलेल्या माणसाला कुठल्याच जीवनमार्गाकडे ढकलू नका, देवाला त्याच्याशी थेट बोलू द्या. निवड करणाऱ्यालाही त्याने एक युक्ती दिली आहे. अगदी अनोळखी माणूस तुमच्याच पेचात आहे असं समजा, त्याला काय सल्ला द्याल ते पाहा, आणि तोच स्वतः पाळा. हा प्रश्न मुलीला एकटीला सोडवू द्या.

दरम्यान, नर्सिंग आणि फर्निचर डिझाइन दोन्हीकडचे अर्ज मुदतीत भरून ठेवा. डिझाइनला चित्रकलेची चाचणी असेल तर सराव आत्ताच सुरू व्हावा. तिने काही दिवस सुतारकामाच्या कार्यशाळेत काढावेत. रुग्णालयातही काढावेत, तुमची बहीण वाट दाखवेल. तिथून ती ‘नर्सच व्हायचंय’ म्हणत आली तर मी आनंदाने मदत करेन.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. पाठवण्याआधी ते वाचू नका.