केंद्रक मोजायचंय, पण ‘नीट’ नको

ताई, नमस्कार.

आजोबांच्या लघवीतून रक्त गेलं, मूत्राशयाच्या कॅन्सरची शंका आली. रिपोर्टमध्ये ‘केंद्रक मोठं, कड अनियमित’ असं वाचून बारावीतल्या तुमच्या लेकीनं विचारलं, ‘मोठं म्हणजे किती? कोण मोजतं?’ आता तिला तेच काम करायचंय, पण ‘नीट’ द्यायची नाही. तुम्हाला हे खूळ वाटतं. मला नाही वाटत.

आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर. लघवी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात, तळाशी बसलेल्या पेशी काचेवर घेऊन त्यांना ‘पॅप स्टेन’ हा रंग देतात. लघवीतल्या पेशींचा रिपोर्ट कसा द्यायचा हे ठरवणाऱ्या, 2016 साली आलेल्या ‘पॅरिस सिस्टिम’मध्ये केंद्रकानं पेशीचा किती भाग व्यापलाय ते पाहतात. 0.5 च्या पुढे गेलं की शंका. 0.7 किंवा जास्त, वर रंग गडद आणि कड वेडीवाकडी असेल, तर हाय ग्रेड, म्हणजे जास्त आक्रमक कॅन्सरकडे बोट. हे बहुधा नजरेनंच ठरतं आणि दोन नजरांत फरक पडतो, म्हणून मोजमाप. फोटोवर केंद्रकाची कड आखायची, क्षेत्रफळ आणि परीघ काढायचा. 4π गुणिले क्षेत्रफळ, भागिले परिघाचा वर्ग: पूर्ण गोलाला 1, कड जितकी दातेरी तितका आकडा खाली. एवढं गणित तिला आजही येतं.

येत नाही ते वेगळंच. सकाळच्या पहिल्या लघवीतल्या पेशी रात्रभर मूत्राशयात पडून खराब झालेल्या असतात, केंद्रक आकसून काळं पडतं. असलं केंद्रक चार दशांश स्थळांपर्यंत मोजलं तरी व्यर्थ. लो ग्रेड, म्हणजे कमी आक्रमक गाठीच्या पेशी तर निरोगी पेशींसारख्याच दिसतात, तिथे मोजपट्टी बऱ्याचदा फसते. मूत्राशयात दुर्बीण घालून करायची तपासणी म्हणूनच टळत नाही. काय मोजायचं नाही हे कळायला हजारो काचा पाहाव्या लागतात.

आता वाट. निदानावर सही पॅथॉलॉजिस्टची असते: साडेपाच वर्षं एमबीबीएस, पुढे तीन वर्षं एमडी. ‘नीट’ नको तर सही नाही, हे तिला आजच स्पष्ट सांगा. काच तयार करणं, पेशी आधी तपासून संशयितांवर खूण करणं हे सायटोटेक्नॉलॉजिस्टचं काम. त्यासाठी मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीची पदवी घ्यावी, मग सायटोलॉजीचं, म्हणजे पेशी तपासण्याचं प्रशिक्षण. नुसत्या डीएमएलटीवर, म्हणजे लॅबच्या डिप्लोमावर थांबली तर दिवस रक्ताच्या नळ्यांतच जायचा. कॉम्प्युटरकडून मोजून घेण्याचं क्षेत्र वाढतंय, पण त्यात ती काचेकडून यावी, कोडकडून नव्हे. हे माझं मत. इंजिनिअर मंडळी भांडतील.

तोवर एक करा. कॉलेजच्या लॅबमध्ये स्वतःच्या गालाच्या आतल्या पेशी, मेथिलीन ब्लू, मोबाइलवर फोटो. इमेजजे हे फुकट सॉफ्टवेअर घेऊन पन्नास केंद्रकं मोजू दे. आठवड्यानं तेच फोटो, आधीचे आकडे न बघता, पुन्हा. दोन्ही वेळचे आकडे मला पाठवा.