पहाटेच निघा

प्रश्न : भाई, मी म्हापशात शाळेत शिकवते. मे २०२५ मध्ये ‘तारिणी’ दोन नौदल अधिकारी मुलींना घेऊन जगाची फेरी करून गोव्यात परतली, तेव्हापासून शिडाच्या होडीनं जायचं मनात आहे. आता मैत्रिणीच्या नवऱ्याची ३८ फुटी यॉट जानेवारीत मालदीवच्या मालेला निघते आहे. चौघांत एक जागा माझी. आजवर मी दोनापावलाच्या पुढे गेलेले नाही. काय तयारी करू? आई फार घाबरली आहे.

उत्तर : जा. महिना चांगला निवडलाय, ईशान्येचा वारा डाव्या खांद्यामागून येईल. अंतर साधारण ६८० सागरी मैल. पाच नॉटनं, म्हणजे ताशी पाच सागरी मैलांनी, सहा दिवस, वारा पडला तर आठ. मला काळजी आहे ती पहिल्या रात्रीची.

माझ्या पहिल्या मोठ्या सफरीला आम्ही संध्याकाळी निघालो, कारण निरोपाला माणसं जमली होती. आदल्या दोन रात्री सामान भरण्यात गेलेल्या. नऊच्या सुमारास होडीच्या इंजिनाच्या पंख्यात मासेमारीचं जाळं गुंडाळलं. एक जण ओकत होता, दुसऱ्याला उभं राहवत नव्हतं, आणि मी सुरी घेऊन उजाडायची वाट पाहत बसलो. समुद्र शांत होता म्हणून निभावलं.

म्हणून कप्तानाला सांगा, पहाटेच निघू. तेव्हा मतलई वारा स्वतःच बाहेर काढतो आणि जाळ्यांचे बोये उजेडात दिसतात. आधी नैर्ऋत्येला खोल पाण्यात जायचं, मग दक्षिणेला वळायचं. पुढे लक्षद्वीपची अँड्रोथ, कल्पेनी ही बेटं उजव्या हाताला दुरून सोडायची. लक्षद्वीपला परवान्याशिवाय उतरता येत नाही. मिनिकॉयच्या आसपास मोठ्या जहाजांची वर्दळ असते, तिथे पहाऱ्यावर डुलकी नको.

आदल्या रात्री झोपा, हे सगळ्यात महत्त्वाचं. ‘तारिणी’वरच्या दोघींनी आधी तीन वर्षं सराव केला होता, तुमच्याकडे तेवढा वेळ नाही, पण एक झोप नक्की आहे. समुद्र लागण्यावरची गोळी डॉक्टरांना विचारून आधी घरीच घेऊन पाहा, गुंगी किती येते ते कळेल. निघताना ती पोटात असू द्या, ओकारी सुरू झाल्यावर ती टिकत नाही. अंगाला हेलकावे पचायला दोन-तीन दिवस लागतात. तेवढ्या दिवसांचं खाणं घरून न्या : चपात्या, उकडलेले बटाटे, तोरांचं (कैऱ्यांचं) लोणचं, आलं. पेज नंतर स्टोव्हवर शिजेल. पिण्याला आणि रांधायला माणशी रोज चार लिटर पाणी धरा, आणि सोळा दिवसांचं भरा. रात्री केबिनच्या जिन्यावरून वर पाय टाकण्याआधी हार्नेसचा, म्हणजे अंगावरच्या सुरक्षा-पट्ट्याचा, हुक होडीला अडकवायचा, लघवीला उठलात तरी.

आईंना मार्गाचा कागद द्या : निघायची वेळ, चौघांची नावं, पोचायचा अंदाज. किनारा मागे पडला की मोबाईल बंद, आणि परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे. तेव्हा नवव्या दिवसापर्यंत फोनची वाट पाहू नका, हे त्यांना आजच, शेजारी बसून सांगा.