प्रवासवर्णन लिहिणारे लेखक प्रवासातच लिहितात की परतल्यावर? माझ्याकडे वह्याभर नोंदी आहेत, पण लिहायला बसलं की सगळं निर्जीव वाटतं. तुम्ही कसं लिहिता?

माझ्यापुरतं सांगायचं तर प्रवासात मी फक्त नोंदी करते. लिहिते परतल्यावर, आणि तेही लगेच नाही. मधले काही महिने मुद्दाम जाऊ देते.

'आज सूर्यास्त अप्रतिम होता' असलं वाक्य मी वहीत लिहीत नाही. वर्षभराने वाचलं तर तो सूर्यास्त कुठल्याही गावचा असू शकतो. मन जे हमखास विसरतं किंवा गुपचूप बदलून ठेवतं, तेवढंच वहीत जातं: पाटीवरचा मजकूर, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईंनी वापरलेला नेमका शब्द, खोलीची खिडकी कुठल्या बाजूला होती, आधी पाऊस आला की आधी दिवे गेले. क्रमाच्या बाबतीत तर मनावर अजिबात विश्वास ठेवू नये. गोष्ट रंगेल अशा बेताने ते घटना पुढेमागे करतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

दिवसभर खिशातल्या छोट्या वहीत तुटक शब्द टिपायचे आणि झोपण्यापूर्वी ते मोठ्या वहीत उलगडून लिहायचे, एवढीच माझी शिस्त. ही रात्रीची बैठक अत्यंत कंटाळवाणी असते. पाय दुखत असतात, सोबतचे गप्पा मारत बसलेले असतात. पण ती टाळली तर सकाळी 'निळी छत्री, दोनदा' याचा काही केल्या अर्थ लागत नाही. फोटोंवर मी फार विसंबत नाही. रंग आणि पाट्या तपासायला ते बरे. पण तेच तेच फोटो पाहत राहिलं की जागा आठवेनाशी होते, नुसता फोटो आठवतो.

आता तुमची अडचण. मला वाटतं, तुम्ही वही समोर उघडी ठेवून लिहिताय. पहिला खर्डा वही बंद ठेवून लिहून पाहा. जे आपसूक आठवेल तेच आणि त्याच क्रमाने लिहा. काही भव्य देवळं-राजवाडे त्यात येणारच नाहीत, आणि एखाद्या स्टेशनवर गाडीची वाट पाहत काढलेला तास चार पानं खाईल. खाऊ द्या. तो तास इतका का लांबला याचा शोध घेता घेता लिखाणाला जीव येतो. वही उघडायची ती खर्डा पुरा झाल्यावर, उलटतपासणीसाठी.

नुसत्या आठवणीवर किती मोठं काम उभं राहू शकतं याचं मला नेहमी आठवणारं उदाहरण इंग्रज प्रवासलेखक पॅट्रिक ली फर्मर यांचं. डिसेंबर 1933 मध्ये, अठराव्या वर्षी, ते हॉलंडच्या किनाऱ्यावरून इस्तंबूलकडे चालत निघाले. म्युनिकमध्ये त्यांची पाठपिशवी चोरीला गेली आणि तोवरची डायरीही गेली. पुढची एक वही युद्धाच्या धामधुमीत रुमानियात राहिली, ती 1965 साली परत हाती आली. या प्रवासावरचं पहिलं पुस्तक निघालं 1977 साली! चोरीपूर्वीच्या वाटेची पानंसुद्धा त्यात कालच चालून आल्यासारखी ताजी आहेत. आपल्याकडे गोडसे भटजींनी 1857 च्या धामधुमीतला प्रवास लिहून काढला तो सुमारे पंचवीस वर्षांनी, आणि तो छापून आला 1907 साली. झाशीच्या वेढ्याची त्यातली पानं वाचताना मधली वर्षं जाणवतही नाहीत.

पण इथेच मला जरा धास्तीही वाटते. वर्णन जिवंत आहे म्हणून ते खरं आहे असं होत नाही. उलट आठवण जितकी लख्ख, तितकी ती मी अधिक तपासते. संवादांच्या बाबतीत तर फारच. अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेक यांनी 1960 साली कुत्र्याला घेऊन अमेरिकाभर केलेल्या प्रवासाचं पुस्तक दोन वर्षांत आलं. पुढे लोकांनी त्यांचा माग काढला तेव्हा त्यातल्या काही भेटी आणि संभाषणं रचलेली असावीत, असा संशय बळावला. 'तो मोठा लेखक, त्याला माफ' असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातली नाही. कादंबरी लिहायची तर कादंबरी म्हणून लिहावी. माझा नियम साधा आहे: त्याच दिवशी टिपलेलं वाक्य असेल तरच अवतरणचिन्हं, नाहीतर 'अशा अर्थाचं काहीतरी म्हणाले' असं लिहून मोकळं व्हायचं. दोन वेगळ्या माणसांचं मिळून एक माणूस करणंही मला पटत नाही. वाटेत भेटलेल्यांची नावं मात्र बदलते. आपल्याशी दोन घटका बोलल्याने आपण छापले जाऊ, हे त्या बिचाऱ्यांना कुठे ठाऊक असतं?

रोजच्या सवयींत विशेष काही नाही. सकाळी लिहिते, दुपारनंतर फक्त खाडाखोड. त्या जागेचा इतिहास वाचते तो पहिला खर्डा झाल्यावरच. आधी वाचला तर मी पाहिलेलं गाव बाजूला पडतं आणि पुस्तकातलं गाव कागदावर उतरतं. विमानतळ आणि सामानाची बांधाबांध यांनी सुरू होणारी पहिली काही पानं बहुतेक वेळा फेकूनच द्यावी लागतात. तुमच्या खर्ड्यातही असतील, तर आधी तीच काढून पाहा.

आणि हो, नोंदी वह्याभर आहेत म्हणताय, तर त्या टंकून ठेवण्याच्या भानगडीत आत्ताच पडू नका. त्या कामात महिने जातात आणि आपण लिहितोय असा उगाच भास होत राहतो. वहीच्या पानांना आकडे घाला, मागच्या पानावर गावांची सूची करा. तपासायला बसाल तेव्हा तेवढं पुरतं.