प्रयोगशाळा नसताना विषय कसा धरून ठेवायचा

ताई, वनस्पतिशास्त्रात पीएचडी झाली, यंदा तासिका तत्त्वावरचं कामही मिळालं नाही, आता अंबाजोगाईत घरी राहून विषयाशी संबंध कसा ठेवू, असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं एवढंच, की ज्याचं उत्तर तुमच्याच शिवारात मिळेल असा एक प्रश्न हातात घ्या.

तुम्ही बालाघाटच्या डोंगरात राहता. हा सगळा पर्जन्यछायेचा मुलूख, पाऊस कधी वेळेवर येतो, कधी महिनाभर ओढ देतो. पळस, धावडा, तरवड यांना पालवी, कळी, फूल, फळ कधी येतं हे दर आठवड्याला लिहून ठेवायला वही पुरते. झाडं तीच हवीत, त्यांना क्रमांक द्या आणि वार ठरवून घ्या. झाडावर काहीच नसेल तर 'फूल नाही' असं आवर्जून लिहा. बरेच जण नेमकी हीच नोंद गाळतात आणि मग बहर कधी सुरू झाला ते सांगता येत नाही. 'सीझनवॉच' हा भारतातला प्रकल्प अशाच साप्ताहिक नोंदी घेतो, तिथेही भरत जा. कृषी विभाग महसूल मंडळनिहाय पाऊस जाहीर करतो. काही हंगामांच्या नोंदी त्याच्याशी ताडून बघा, शोधनिबंधाचा विषय तिथेच सापडेल. आकडेमोडीला 'आर' आणि नकाशांना 'क्यूजीआयएस', ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत.

ओळख पटवायला वि. ना. नाईक यांचा मराठवाड्याच्या वनस्पतींवरचा १९९८चा ग्रंथ जवळ असू द्या. तरीही अडलं तर संभाजीनगरला विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात नमुना दाखवा. येडशीसारख्या अभयारण्यात मात्र वनविभागाच्या परवानगीशिवाय काही तोडू नका.

वाचनाची अडचण खरी आहे. संशोधन नियतकालिकं वाचायला देणारी 'एक देश, एक सदस्यता' योजना २०२५ पासून सुरू झाली, पण ती सरकारी संस्थांतल्या लोकांसाठी. बाहेरच्याने थेट लेखकाला मेल करावा, पुष्कळ जण प्रत पाठवतात. पीएचडीचे प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर मोफत मिळतात.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. पैसे घेऊन आठ दिवसांत निबंध छापणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. मुलाखतीत गुण मिळतील म्हणून आपली पोरं उसनवारी करून हे पैसे भरतात, ते बघून जीव तुटतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे नियतकालिक पारखून घेणं आता आपल्यावरच आलं. वर्गणीवर चालणारी कित्येक चांगली नियतकालिकं लेखकाकडून काही घेत नाहीत. संस्थेच्या जागी 'स्वतंत्र संशोधक' लिहिलं तरी चालतं.

केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची 'वाइज-किरण' योजना आहे, कामात खंड पडलेल्या महिला शास्त्रज्ञांनाही तिच्यात वाव आहे. अर्जासाठी संशोधनाला जागा देणारी संस्था लागते. म्हणून जाहिरातीची वाट न बघता तुमच्या गाईडना किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या विभागप्रमुखांना आधीच भेटा, आणि भेटायला जाताना ती वही सोबत न्या.