मेंदू शिकायचा तर डॉक्टरच व्हायला हवं का?

पत्र: आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. मुलगी नाशिकला मामाकडे राहून अकरावी सायन्स करते, पीसीएमबी घेतलंय. गेल्या वर्षी माझ्या वडिलांना पॅरालिसिसचा झटका आला, डावा हात अजून वर उचलत नाही. तेव्हापासून पोरीनं मेंदूच्या पेशींवर संशोधन करायचं एवढंच धरून ठेवलंय. नीट द्यायची नाही म्हणते. क्लासचे सर म्हणतात, बारावीला गणित सोडा आणि नीटकडे लक्ष द्या. डॉक्टर न होता मेंदूचं शिकता येतं का? किती वर्षं लागतात, नोकरी कुठे लागते? तिनं लिहिलेला कागद सोबत जोडतो. — एक पालक

नमस्कार भाऊ,

डॉक्टर न होता मेंदूचं शिकता येतं. आणि गणित सोडू नका. बाकीचं सविस्तर लिहिते.

तुमच्या पत्राइतकाच मला तो जोडलेला कागद महत्त्वाचा वाटला. तिनं त्यावर दोनच ओळी लिहिल्यात: "आजोबांच्या पायाला पत्रा लागला होता, ती जखम पंधरा दिवसांत भरली. मग मेंदूची का भरत नाही?" आजोबांना बरं करायचंय, असं तिनं लिहिलेलं नाही. का भरत नाही, असं विचारलंय. अशी पत्रं वाचताना मी हाच फरक शोधत असते. पहिल्या इच्छेची वाट दवाखान्याकडे जाते, दुसऱ्या प्रश्नाची प्रयोगशाळेकडे. दोन्हीकडे हुशारी सारखीच लागते, दिवस मात्र फार वेगळे जातात.

तिच्या प्रश्नाचं आजवर सापडलेलं उत्तर थोडक्यात सांगते. लेक कशाच्या मागे लागलीय ते तुम्हालाही कळायला हवं.

मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली की पुढच्या पेशींचा प्राणवायू आणि साखर तुटते. त्या पेशी मरता मरता ग्लुटामेट नावाचं रसायन भरमसाठ सोडतात. एरवी हेच ग्लुटामेट एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवतं, आपलं शिकणं आणि आठवणं त्यावरच चालतं. पण ते एवढं सांडलं की शेजारच्या पेशींवर त्याचा मारा होतो, त्यांच्यात कॅल्शियम घुसतं आणि त्याही मरतात. झटका क्षणात येतो, नुकसान मात्र पुढे कित्येक तास पसरत राहतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत द्यायची डॉक्टरांची घाई असते ती यासाठी.

त्यानंतर तिथे ॲस्ट्रोसाइट नावाच्या पेशी गोळा होऊन व्रण तयार करतात. हा व्रण उरलेल्या मेंदूला जपतो, पण नव्या तंतूंची वाटही अडवतो. हाताच्या बोटाकडे जाणारी नस तुटली तर ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर पुन्हा वाढते, कारण तिच्याभोवतीच्या 'श्वान' (Schwann) नावाच्या आधारपेशी तिला वाढायला सांगतात. मेंदूत आणि मज्जारज्जूत उलटं आहे. तिथल्या तंतूंवर मायलिनचं जे आवरण असतं, त्यातच वाढ थांबवणारी प्रथिनं असतात. त्यातलं नोगो-ए हे स्वित्झर्लंडमधल्या मार्टिन श्वाब यांच्या कामामुळे प्रसिद्ध झालं. त्याआधी १९८१ मध्ये मॉन्ट्रियलला सॅम्युएल डेव्हिड आणि आल्बर्ट अग्वायो यांनी उंदरांच्या पायातल्या नसेचा तुकडा मेंदूचं देठ आणि मज्जारज्जू यांच्यामध्ये जोडला होता. एरवी न वाढणारे तंतू त्या तुकड्यातून चांगले लांबवर वाढत गेले. म्हणजे पेशीत वाढीची ताकद असते, आजूबाजूचे संकेत ती दाबून ठेवतात.

संकेत म्हणजे काय, हे तुम्हाला मी वेगळं शिकवायची गरज नाही. पोपटी अवस्थेत घडाला जीए (जिबरेलिक ॲसिड हे वाढीचं संप्रेरक) देता तेव्हा तुम्ही वेलीला संकेतच देत असता. काही पीपीएम योग्य दिवशी पडले तर घड लांबतो, तेच फुलोऱ्यात पडले तर गळ होते. रसायन एकच, पण वेळ आणि मात्रा बदलली की वेल त्याचा अर्थ वेगळा घेते. मेंदूच्या पेशींचं शास्त्र बरंचसं असंच चालतं.

बाळ पोटात असताना साधारण चौथ्या आठवड्याच्या शेवटी मेंदू आणि मज्जारज्जूची नळी मिटते. त्या काळात नॉच, डब्ल्यूएनटी, सॉनिक हेजहॉग अशा नावांचे संकेत ठरवतात की कुठली पेशी काय होणार. (हो, ते सॉनिक नाव व्हिडिओ गेमवरूनच दिलंय, लेकीला ठाऊक असेल.) नॉचचं काम तर गमतीचं आहे: जी पेशी चेतापेशी व्हायला निघते, ती शेजारणींना 'तुम्ही होऊ नका' असं कळवते. सगळ्याच एकदम चेतापेशी झाल्या तर बाकीचा मेंदू बांधायला पेशी उरणार नाहीत. पुढे हेच संकेत नको तेव्हा चालू राहिले तर आजार होतो. लहान मुलांच्या मेंदूत मेड्युलोब्लास्टोमा नावाची गाठ होते, तिच्या एका प्रकारात सॉनिक हेजहॉगचा संकेत थांबतच नाही. घडण, इजा आणि आजार हे तीन वेगळे विषय वाटतात, पण तिन्हीत पुन्हा पुन्हा तेच रेणू भेटतात. तुमच्या लेकीचा प्रश्न या तिन्हींच्या मधोमध आहे. अकरावीच्या वयाला हे चांगलंच आहे.

आता वर्षांचा हिशोब. डॉक्टरकीच्या वाटेनं मेंदूपर्यंत जायचं तर एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमडीची तीन आणि डीएम न्यूरॉलॉजीची तीन, म्हणजे साडेअकरा. मधल्या प्रवेशपरीक्षांत गेलेलं वर्ष वेगळं. संशोधनाच्या वाटेनं पाच वर्षांचं बीएस-एमएस (पदवी आणि पदव्युत्तर एकत्र) आणि पुढे साधारण पाच-सहा वर्षांची पीएचडी. दोन्हीकडे काळ जवळपास तेवढाच. 'संशोधनात पोरीचं वय निघून जातं' असं कुणी सोयरा म्हणाला तर त्याला डीएमचा हिशोब मांडायला सांगा.

पैशाचा फरक मात्र खरा आहे. डॉक्टर लवकर कमावतो आणि जास्त कमावतो. संशोधकाला पीएचडीपासून फेलोशिप मिळते: सीएसआयआर-यूजीसी नेटमधून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दरानं पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, शिवाय घरभाडं. पीएचडीनंतर बहुतेकांना काही वर्षं पोस्टडॉक, म्हणजे दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत मुदतीची संशोधन-नोकरी, करावी लागते, बऱ्याचदा परदेशात. प्राध्यापकाच्या किंवा शास्त्रज्ञाच्या कायम जागा थोड्या आणि स्पर्धा मोठी. हे मी लपवणार नाही. औषधकंपन्या, क्लिनिकल ट्रायल घेणाऱ्या संस्था, निदान किट बनवणाऱ्या कंपन्या, औषधांच्या मंजुरीचं काम, पेटंट, विज्ञानलेखन इकडेही या विषयातली माणसं जातात आणि नीट कमावतात. पण 'शिकून झाल्यावर अमुक नोकरी' अशी सरळ रेघ इथे नाही. घरात तेवढी कळ काढायची तयारी आहे का, ते तुम्ही नवरा-बायकोनं आधी बोलून घ्या. कर्ज फेडायचं असेल आणि पंचविसाव्या वर्षी पगार घरी यायलाच हवा असेल, तर तेही लेकीला स्पष्ट सांगा. तिला ते कळेल.

गणिताबद्दल मी एवढी हटून का बसले आहे ते सांगते. पुण्यात पाषाणला आयसर ही केंद्राची विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आहे, २००६ साली सुरू झालेली. तिथे आणि देशातल्या इतर आयसरमध्ये बारावीनंतर बीएस-एमएसला आयएटी परीक्षेतून प्रवेश मिळतो. पात्रतेसाठी बारावीला जीवशास्त्र, रसायन, गणित, भौतिक यांतले किमान तीन विषय लागतात, म्हणजे पीसीबीवालेही चालतात. क्लासचे सर इथपर्यंत बरोबर आहेत. पण पेपर बघा: अलीकडच्या नमुन्यात साठ प्रश्न, चारही विषयांचे पंधरा-पंधरा, एकूण २४० गुण. गणित सोडलेली मुलगी त्यातल्या साठ गुणांपुढे हात बांधून बसते, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात म्हणून अंदाजानं खुणाही करता येत नाहीत. प्रवेश मिळाल्यावरही गणित सुटत नाही. आज मेंदूच्या पेशीचा अभ्यास म्हणजे निम्मं काम संगणकावर: हजारो पेशींत कुठली जनुकं चालू आहेत याचे तक्ते, संख्याशास्त्र, थोडं प्रोग्रामिंग. आयएटीला एनसीईआरटीची पुस्तकं धरून तयारी करावी लागते. राज्य बोर्डाच्या जोडीला ती आतापासूनच घेऊन द्या. मुंबईचं सीईबीएस आणि भुवनेश्वरचं नायसर या अशाच विज्ञानसंस्थांसाठी नेस्ट नावाची वेगळी परीक्षा असते, तिचाही फॉर्म भरायचा.

आयसर नाही मिळालं तर रडायचं कारण नाही. केटीएचएम किंवा एचपीटी-आरवायके अशा नाशिकच्याच कॉलेजात बीएससी करायची, मग आयआयटी जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेशपरीक्षा देऊन एमएससी, पुढे नेट आणि पीएचडी. वाट एखाद्या वर्षानं लांबते, पण बंद होत नाही. बीएससी करताना तिन्ही विज्ञान अकादमींची मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप असते. तिच्यातून दोन महिने एखाद्या खऱ्या प्रयोगशाळेत काढता येतात, आणि मार्कशीटपेक्षा मला त्या दोन महिन्यांचं मोल जास्त वाटतं. पुण्यातली एनसीसीएस आणि आघारकर संस्था, मुंबईची टीआयएफआर, बेंगळुरूची एनसीबीएस, आयआयएससी आणि निम्हान्स, हरियाणात मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, ही संशोधनसंस्थांची नावं तिनं वहीत लिहून ठेवावीत. टीआयएफआरच्या डॉ. विदिता वैद्य यांना मन:स्थितीच्या आजारांमागची मेंदूतली यंत्रणा, त्यातही सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचे संकेत, उलगडल्याबद्दल २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. त्यांची भाषणं इंटरनेटवर आहेत. इंग्रजी अडलं तरी अर्धं कळेल, ऐकू द्या.

या कामाचा रोजचा दिवस कसा असतो तेही तिला आधी कळायला हवं. टीव्हीत दाखवतात तसा निळ्या उजेडातला चमकता मेंदू तिथे नसतो. सदतीस अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये प्लास्टिकच्या बशीत पेशी वाढवायच्या, ठरल्या दिवशी त्यांचं पाणी बदलायचं, मग तो रविवार असो की पाडवा. एखादं प्रथिन पेशीत आहे की नाही हे बघायला वेस्टर्न ब्लॉट करतात: पेशी फोडायच्या, प्रथिनं जेलमधून पळवायची, पातळ पडद्यावर उतरवायची, अँटिबॉडी लावून रात्रभर थंडीत हलवत ठेवायची, दुसऱ्या दिवशी धुऊन फोटो काढायचा. एवढं करून जिथे काळी रेघ यायला हवी तिथे कोरं येतं. मग काय चुकलं ते शोधत पहिल्यापासून. ज्याला त्या कोऱ्या पडद्याचा राग येऊन पुन्हा बाही सरसावावीशी वाटते, त्यानंच इकडे यावं. नुसत्या हुशारीवर इथे फार दिवस निघत नाहीत.

चिकाटीचं उदाहरण तिला हवं असेल तर रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांचं सांगा. वैद्यकीची पदवी असलेल्या या इटालियन बाईंना मुसोलिनीच्या वंशकायद्यांमुळे विद्यापीठात काम करता येईना, तेव्हा त्यांनी घरच्या झोपायच्या खोलीत कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भांवर प्रयोग केले. पुढे त्यांना अमेरिकेत चेतापेशींना जगवणारा वाढ-घटक सापडला, आणि १९८६ चं नोबेल त्यांना स्टॅन्ली कोहेन यांच्यासोबत मिळालं.

आणखी एक गोष्ट, जी कुणी विचारत नाही. या विषयात बऱ्याच ठिकाणी उंदरांवर प्रयोग होतात. त्याला नैतिक समितीची परवानगी लागते, नियम कडक असतात, तरी जीव तो जीवच. तुमचं घर माळकरी असेल तर यावर आताच मोकळं बोला. फळमाशीवर किंवा नुसत्या पेशींवर काम करणाऱ्याही प्रयोगशाळा आहेत, म्हणून हा अडसर शेवटचा नाही. पण पीएचडीच्या पहिल्या वर्षी हे कळून मोडून पडलेली मुलं असतात.

आजोबांसाठी: तिच्या प्रश्नातलं 'भरत नाही' अर्धंच खरं आहे. मेलेली पेशी परत येत नाही, पण उरलेल्या पेशी आपापसात नवे जोड बांधतात आणि सरावानं ते पक्के होतात. फिजिओथेरपी 'आता काय उपयोग' म्हणून बंद केली असेल तर न्यूरॉलॉजिस्टना विचारून पुन्हा सुरू करा. रोजचा व्यायाम लेकीनं करून घ्यावा, सुट्टीत घरी असेल तेव्हा. त्यातून तिलाही एक गोष्ट कळेल. हात इंचभर वर गेल्याचा आनंद तिला त्या 'का'पेक्षा मोठा वाटू लागला, तर तिची जागा माणसांजवळ आहे, आणि मग फिजिओथेरपी किंवा एमबीबीएस यांचा विचार पुन्हा करावा. त्यात कमीपणा काहीच नाही. म्हणून नीटचा फॉर्म मी भरायला सांगेन. जीव त्यात घालायचा नाही, पण जीवशास्त्र, रसायन आणि भौतिकाचा अभ्यास दोन्हीकडे बराचसा तोच.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो. त्या सुमारास पुण्यातल्या संशोधन संस्था सामान्य लोकांना आत घेतात. कार्यक्रम संस्थेच्या वेबसाइटवर बघा आणि नाशिकरोडहून सिन्नर-संगमनेरमार्गे तिला घेऊन जा. बागेत त्या दिवसांत काढणीची गडबड असेल हे मला माहीत आहे, मामांना पाठवलंत तरी चालेल. तिथे पीएचडी करणाऱ्या एखाद्या मुलीला गाठून विचारायला सांगा की गेल्या महिन्यात किती प्रयोग फसले.

तुम्ही ओबीसीत येत असाल तर केंद्राच्या परीक्षांना केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रिमीलेअर दाखला लागतो, राज्याचा चालत नाही. तहसील कार्यालयात तसं सांगूनच मागा, आणि कुठल्या तारखेनंतरचा दाखला चालतो ते त्या वर्षीच्या परीक्षेच्या माहितीपत्रकात बघून अर्ज टाका. गणिताचं मात्र तेवढं थांबू नका. विषय बदलायचा फॉर्म कॉलेजात दिला असेल तर तो याच आठवड्यात मागे घ्या.