मार्चमधला ट्राउट काठाशी शोधा

प्रश्न : नमस्कार काका. परभणीत माझं कृषी सेवा केंद्र आहे. लहानपणापासून गोदावरीत गळ टाकत आलोय, आता फ्लाय रॉडचा, म्हणजे पिसादोऱ्याची खोटी माशी लावून मासे धरायच्या काठीचा, नाद लागलाय. मागच्या मार्चमध्ये हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी गेलो होतो. काठावरच्या दगडांवर काळपट माश्या चालत होत्या. स्टोनफ्लाय निघालीय, असं तिथले लोक म्हणाले. तशीच दिसणारी तरंगती माशी बांधून दिवसभर मधल्या धारेत टाकली, पण एकही मासा लागला नाही. यंदा पुन्हा जायचंय. काय बदलू?

उत्तर : माशी तुम्ही बरोबर ओळखलीत. जागा बदला आणि वेळ बदला.

मेफ्लाय ही नदीतली दुसरी माशी बहुधा मधोमध वर येते आणि पंख उघडेपर्यंत पाण्यावर बसून वाहत राहते. तिच्यासाठी मधली धार ठीक. स्टोनफ्लायची रीत वेगळी आहे. तिची अळी थंड, वाहत्या, स्वच्छ पाण्यात दगडांखाली वाढते. लहान जातींना साधारण वर्ष लागतं, मोठ्यांना दोन-तीन वर्षं. दिवस भरले की ती तळावरून चालत काठाकडे येते, कोरड्या दगडावर चढते आणि तिथे कात टाकते. म्हणजे तुम्हाला दगडावर दिसलेली माशी ट्राउटच्या तोंडातून आधीच सुटलेली होती. ट्राउट तिला गाठतो तो तळावरच्या त्या चालीत. तिला धड पोहता येत नाही, पाय सुटला की ती ओघाबरोबर वाहत जाते. हे ट्राउटला पक्कं माहीत असतं, म्हणून या दिवसांत तो काठालगतच्या गुडघाभर पाण्यात येऊन थांबतो. आपण पोचल्या पोचल्या पाण्यात पाय घालतो आणि त्यालाच हुसकावून लावतो.

तेव्हा नदीवर गेल्यावर रॉड जोडायची घाई करू नका. आधी काठावरचे मोठे धोंडे बघा. त्यांच्या सावलीतल्या बाजूला रिकाम्या काती चिकटलेल्या असतात: पाठीवर उभी चीर आणि चिरेतून बाहेर आलेले बारीक पांढरे धागे. अळी ज्या नळ्यांतून श्वास घ्यायची त्यांचं ते अस्तर. मग काठाजवळचा एखादा दगड अलगद उचलून खालची बाजू बघा. चपटं अंग, दोन शेपट्या, प्रत्येक पायाला दोन नख्या असल्या की ती स्टोनफ्लाय. (मेफ्लायच्या अळीला बहुधा तीन शेपट्या असतात आणि पायाला एकच नखी.) पाठीवरच्या पंखांच्या कळ्या काळ्या पडल्या असतील तर एक-दोन दिवसांत ती बाहेर येणार असं समजा. बघून झालं की दगड जसा होता तसाच ठेवा. त्याच्याखाली कितीतरी जीव राहतात, आपण पाहुणे आहोत.

आता माशी. सुरुवातीला वजनदार निम्फ, म्हणजे अळीसारखी दिसणारी बुडती खोटी माशी, लावा, १० किंवा १२ नंबरच्या गळावर, गडद तपकिरी नाहीतर काळी. रॉड ४ किंवा ५ नंबरचा पुरे. काठावरच उभं राहून, जमल्यास गुडघे टेकून, प्रवाहाच्या वरच्या अंगाला काठाशी समांतर टाका आणि निम्फ तळाला घासत खाली येऊ द्या. दोर ताणला की ती ओघापेक्षा वेगळी चालते आणि मासा तोंड फिरवतो. गोदावरीत आपण कणकेचा गोळा लावून ओढ जाणवायची वाट बघतो, ती सवय इथे सोडावी लागते. दोर क्षणभर अडला, एवढीच खूण मिळते. लगेच रॉड उचला. निम्मे वेळा दगड निघेल, तरी उचला.

पहाटे उठून थंडीत कुडकुडू नका. मार्चमध्ये सकाळी पाणी फार गार असतं आणि ट्राउट सुस्त. पाणी ८-१० अंशांकडे सरकलं की तो खायला लागतो, म्हणून अकरा ते तीन हीच खरी वेळ. थर्मामीटर जवळ ठेवा, रॉडइतकाच तो कामाचा आहे. तुमची तरंगती माशीही वाया जाणार नाही. उन्हाच्या दुपारी माद्या अंडी घालायला पाण्यावर येतात, पोट टेकवत फडफडत जातात. तेव्हा १६ नंबरची काळी माशी काढा आणि जरा हलू द्या. एरवी मी माशी हलवू नका म्हणून कानीकपाळी ओरडतो, पण इथे हलणंच खरं दिसतं.

हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउट धरायला बंदी असते. त्यानंतरही मत्स्य विभागाचा परवाना काढूनच पाण्यावर जा. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने चेपून टाका. मासा हाताळण्याआधी हात ओले करा, आणि सोडताना त्याचं तोंड प्रवाहाकडे धरून तो स्वतःहून निघेपर्यंत थांबा.

प्रश्न : काश्मीरमध्ये ट्राउट इंग्रजांनी बाहेरून आणला असं वाचलं. तिथे जगला, तर आमच्या शेततळ्यात का नाही जगणार? — एक विद्यार्थी, बीड

उत्तर : नाही जगणार, बाळा, आणि पैसे घालवू नकोस. १९०० च्या सुमारास काश्मीरमध्ये ब्राउन ट्राउटची अंडी आणली, १९०९ मध्ये तिथून कुलूत कटराईनजवळ नेली. दोन्हीकडे बर्फाचं वाहतं पाणी होतं. दक्षिणेत निलगिरीत रेनबो ट्राउट टिकला तोही डोंगरमाथ्यावरच्या गारव्यात. पाणी २० अंशांच्या वर गेलं की ट्राउट त्रासतो, २५ च्या आसपास मरायला लागतो. आपलं शेततळं उन्हाळ्यात ३० गाठतं. गरम पाण्यात प्राणवायूही कमी मावतो: ५ अंशांना लिटरमागे साधारण १२.८ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. त्यात ते पाणी साचलेलं.

हात बसवायचा असेल तर गावच्या तलावातली चिलापी चांगली. बारीक निम्फ ती आवडीने घेते आणि दोर अडल्याची खूणही तशीच नाजूक देते. आधी तलाव ज्या मच्छीमार संस्थेकडे असेल तिला विचार. नाथसागरावर मात्र तसाच जाऊ नकोस, ते पक्षी अभयारण्य आहे, परवानगी लागते.

प्रश्न : माशी बांधायला लागणारी परदेशी पिसं फार महाग पडतात. काही पर्याय? — एक वाचक, नांदेड

उत्तर : आहे. गावरान काळ्या कोंबड्याच्या मानेची पिसं घ्या, बाजारात चिकनवाल्याला आधी सांगून ठेवलं की तो देतो. साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवा आणि डांबरगोळी घालून डब्यात ठेवा. स्टोनफ्लायच्या दोन शेपट्यांसाठी त्याच पिसाच्या दोन काड्या पुरतात. दोरा मात्र काळा आणि बारीक घ्या, जाड दोऱ्याने डोकं मोठं होतं.